रद्दीत मिळालेलं विमानाचं मॅन्युअल: कुठवर चालतं, कुठे थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा. एएमईच्या (विमान देखभाल अभियंता अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला रद्दीच्या दुकानात तीन गोष्टी मिळाल्या: सेस्ना १७२ च्या १९७७ ते १९८६ मॉडेलांचं सर्व्हिस मॅन्युअल, लायकमिंग इंजिनाचं ओव्हरहॉल मॅन्युअल आणि बोईंग ७३७-२०० च्या मॅन्युअलचे चार सुटे खंड. यांवरून अभ्यास करावा का, फ्लाइंग क्लबमध्ये प्रॅक्टिकलला गेल्यावर ती हँगरमध्ये उघडावीत का, आणि ‘जुनं म्हणजे चुकीचं’ हे कितपत खरं, असं त्याने विचारलं आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. जुनं आणि रद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुखपृष्ठावरच्या सालावरून काही ठरत नाही. १९५८ चं मॅन्युअल आजही चालू असू शकतं आणि गेल्या महिन्यात छापलेलं पान आज सकाळी रद्द झालेलं असू शकतं. निर्मात्याने त्यानंतर त्या पानाची सुधारणा काढली आहे का, एवढंच बघायचं. डीजीसीए या आपल्या नागरी विमान नियामकाच्या सीएआर-१४५ या देखभाल संस्थांसाठीच्या नियमावलीत १४५.ए.४५ या कलमात देखभालीच्या माहितीला दोन विशेषणं लावली आहेत: ती ‘लागू’ हवी आणि ‘चालू’ हवी. चालू म्हणजे शेवटची सुधारणा घातलेली. लागू म्हणजे समोर उभ्या असलेल्या याच विमानाची, याच अनुक्रमांकाची. ‘चालू’ सगळ्यांच्या लक्षात राहतं. ‘लागू’ विसरलं जातं, आणि हँगरमधल्या निम्म्या चुका तिथेच होतात असं माझं मत आहे.

तुमच्या सेस्नाच्या पुस्तकातच याचं चांगलं उदाहरण आहे. त्या एका मॅन्युअलमध्ये १७२ एन आणि १७२ पी अशी दोन मॉडेलं आहेत. एनचे (१९७७ ते १९८०) फ्लॅप ४० अंशांपर्यंत उतरतात. पीचे (१९८१ पासून) ३० अंशांवरच थांबतात, आणि त्याच वेळी कमाल वजन २,३०० पौंडांवरून २,४०० झालं. बाहेरून दोन्ही विमानं सारखीच दिसतात. आता समजा, फ्लॅपची मोटर बदलली, लिमिट स्विच जुळवायला घेतला आणि तक्त्यात पीऐवजी एनच्या ओळीवर बोट पडलं. फ्लॅप ४० वर जातात, इंडिकेटरची मांडणी जुळत नाही, मग कोणीतरी इंडिकेटरच ‘दुरुस्त’ करतो. पायलटच्या हातातलं पुस्तक मात्र ३० अंशांचं. लँडिंग सोडून पुन्हा वर जायची वेळ आली की ते १० अंश जास्तीचा अवरोध होऊन पुढ्यात येतात. या चुकीचा मॅन्युअलच्या वयाशी काही संबंध नाही. नवंकोरं मॅन्युअल असतं तरी हेच झालं असतं.

एन आणि पीमध्ये इंजिनही वेगळं आहे. एनला ओ-३२०-एच२एडी, पीला ओ-३२०-डी२जे. दोन्ही १६० अश्वशक्तीची. एच२एडीवर एकाच डब्यात दोन मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रं) असतात, डी२जेवर दोन स्वतंत्र. शिवाय १९७७ च्या एनमध्ये वीज १४ व्होल्टची, १९७८ पासून २८ व्होल्टची. म्हणजे एकाच मॉडेलमध्ये, एका वर्षाच्या फरकाने, वायरिंगचं पान बदलतं. म्हणून विमानाजवळ जाताना सगळ्यात आधी दाराच्या चौकटीवरच्या पाटीवरचा अनुक्रमांक कागदावर उतरवून घ्यायचा, मग मॅन्युअल उघडायचं. उलट क्रमाने नाही.

आता जुन्या मॅन्युअलमधलं काय टिकतं आणि काय नासतं ते पाहू. ७३७ च्या खंडांत पानांचे क्रमांक १ पासून सलग नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती एटीए १०० या विमान-मॅन्युअलांच्या ठरलेल्या मांडणीची पद्धत आहे. २७-११-०० अशा आकड्यात पहिले दोन अंक प्रकरणाचे (२७ म्हणजे फ्लाइट कंट्रोल्स), आणि पानांचे गट ठरलेले. १ ते ९९ वर्णन आणि कार्य, १०१ पासून दोष शोधणं, २०१ पासून देखभालीच्या रीती, ३०१ सर्व्हिसिंग, ४०१ काढणं-बसवणं, ५०१ जुळवणी आणि चाचणी, ६०१ तपासणी, ७०१ सफाई आणि रंग, ८०१ दुरुस्ती. जुन्या मॅन्युअलसाठी हाच नकाशा पुरेसा आहे. १ ते ९९ ही पानं सगळ्यात सावकाश जुनी होतात. व्हॉल्व्ह कुठून दाब घेतो, पंप बंद पडला तर कोणती लाइन कोरडी राहते, विजेच्या दोन बस (वाटपाच्या पट्ट्या) एकमेकांपासून कशा वेगळ्या ठेवल्या आहेत, हे विमानाच्या जन्मापासून बहुतेक तसंच राहतं. २०१ च्या पुढे मात्र प्रत्येक आकडा संशयित समजायचा. आणि प्रकरण ५, म्हणजे कालमर्यादा आणि तपासण्यांचं, जुन्या प्रतीत असेल तर ते उघडूच नका. त्यातला आकडा एकदा डोक्यात बसला की परीक्षेतही तोच येतो आणि हँगरमध्येही.

अभ्यासाच्या बाबतीत तर जुनी मॅन्युअल्स पुष्कळदा नव्यांपेक्षा सरस ठरतात. आजची मॅन्युअल्स संगणकावर कामागणिक तुकडे करून येतात: पायरी, इशारा, पायरी, इशारा. साठ-सत्तरच्या दशकातल्या लेखकांना वाचणारा माणूस मेकॅनिक म्हणून घडवायचा होता. ते आधी यंत्रणा समजावतात, भाग उघडून दाखवलेलं चित्र देतात आणि मग काम सांगतात. आपल्याकडच्या एएमई संस्थांमध्ये सीएआयपी या ब्रिटिश देखभाल-रीतींच्या मार्गदर्शिकेची झेरॉक्स पत्रकं पिढ्यान्‌पिढ्या फिरली ती याच कारणाने. त्यांची सुधारणा बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण केबल स्वेजिंग (केबलच्या टोकावर जोड दाबून बसवणं) किंवा लॉकवायरची दिशा समजून घ्यायला ती अजूनही उत्तम आहेत.

भौतिकशास्त्र जुनं होत नाही. टॉर्क रेंचला पुढे आडवा अडॅप्टर लावला तर रेंचवर किती लावायचं याचं सूत्र: हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक अडॅप्टर. रेंच १० इंच, अडॅप्टर २ इंच, बोल्टवर ६० इंच-पौंड हवेत, तर रेंचवर ५० लावायचे. हे कुठल्याही सालच्या पुस्तकातून शिका. पण ‘६०’ हा आकडा मात्र आजच्याच पानावरून घ्या, कारण टॉर्क हा आकडा एकटा फिरत नाही. त्याच्यासोबत नटाचा प्रकार, वंगण आणि एकक असतं. पाव इंची, २८ आट्यांच्या बोल्टवर नेहमीच्या नटासाठी ५० ते ७० इंच-पौंडांची सर्वसाधारण मर्यादा सापडते. पातळ, शिअर प्रकारच्या नटासाठी ३० ते ४० ची. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क ग्रीस लावलेल्या आट्यांवर मारला तर घर्षण कमी होऊन बोल्टात ताण जास्त बसतो. रेंच ‘टक’ करतो, सही होते आणि बोल्ट आतून ताणलेला राहतो. सेल्फ-लॉकिंग नटाला नुसता फिरवायलाच जो जोर लागतो तो मोजून वर मिळवायचा असतो, हेही काही जुन्या पानांवर गृहीत धरलेलं असतं, लिहिलेलं नसतं. एककांचा घोळ वेगळाच: युरोपीय आणि रशियन कागदांत किलोग्रॅम-सेंटीमीटर, अमेरिकन कागदांत इंच-पौंड, नव्यांत न्यूटन-मीटर. १ इंच-पौंड म्हणजे १.१५२ किलोग्रॅम-सेंटीमीटर, म्हणजे वरचे ५० ते ७० हे सुमारे ५८ ते ८१ होतात. आकडे इतके जवळचे आहेत की चूक डोळ्यांना दिसत नाही. गुणोत्तर मोठं असतं तर कोणीतरी थांबलं असतं.

सेस्नाकडे परत येऊ, कारण प्रकरण ५ उघडू नका असं का म्हटलं ते तिथे स्पष्ट दिसतं. (सेस्नाच्या त्या मॅन्युअलची मांडणी एटीएची नाही, पण तपासणीचा तक्ता त्यातही आहेच.) सीटच्या रुळांचं घ्या. रुळाच्या डोक्यावर भोकं असतात, सीटची पिन त्यांत बसते. भोकं झिजून लांबट झाली की टेकऑफला नाक वर होताच सीट मागे घसरते, आणि पायलटच्या हातात स्टिअरिंग असल्यामुळे तेही सोबत मागे येतं. नाक आणखी वर जातं. यावर अमेरिकेच्या एफएएने एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (पाळणं सक्तीचं असलेला सुरक्षा आदेश) काढलं: आधी ८७-२०-०३, पुढे त्याच्या जागी २०११-१०-०९. भोकाचं माप ०.४२ इंचांपर्यंत गेलं की रूळ बदलायचा, आणि पिन भोकात किमान ०.१५ इंच बसली पाहिजे. तुमच्या हातातल्या प्रतीत यातलं काही नसण्याचीच शक्यता जास्त. शिवाय २०११ च्या अखेरीस सेस्नाने या जुन्या मालिकांच्या मॅन्युअलमध्ये पूरक तपासण्यांचा एक नवा विभागच घातला. त्यात गंज आणि धातूच्या थकव्यासाठी पंखाचा स्पार, स्ट्रटचे जोड, शेपटीचे ब्रॅकेट यांच्या तपासण्या आहेत. १९८६ साली छापलेल्या पुस्तकाला हे विमान चाळीस वर्षं उडेल असं वाटलंच नव्हतं. त्या पुस्तकात तपासणी नाही याचा अर्थ गरज नाही असा नव्हे. त्या काळी तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

लायकमिंगच्या ओव्हरहॉल मॅन्युअलची गोष्ट जरा वेगळी. त्याचा मूळ मजकूर अनेक दशकं जवळपास तसाच आहे, म्हणून लोक बिनधास्त जुनी प्रत वापरतात. पण मापांच्या मर्यादा त्या पुस्तकात राहिल्याच नाहीत. त्या एसएसपी-१७७६ नावाच्या स्वतंत्र तक्त्यात गेल्या आणि तो तक्ता आपल्या गतीने सुधारला जातो. ओव्हरहॉलला कोणते भाग न पाहता फेकायचे याची यादी सर्व्हिस बुलेटिन २४० मध्ये, आणि त्याच्याही मागे इंग्रजी अक्षर लागून नवनव्या आवृत्त्या येत राहतात. एच२एडीच्या कॅमशाफ्ट-टॅपेटचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी तेलात घालायच्या ॲडिटिव्हचं डायरेक्टिव्ह ८०-०४-०३. मॅन्युअल हा सांगाडा आहे, त्याचं मांस बाहेरच्या कागदांवर. म्हणून ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ याला इंजिनच्या बाबतीत फारसा अर्थ नाही.

जुना आकडा नेहमी सैल असतो आणि नवा कडक, असाही एक समज आहे. तो चुकीचा. सिलिंडरची डिफरन्शियल कॉम्प्रेशन चाचणी घ्या. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, एका गेजवर ८० पीएसआय द्यायचे आणि दुसऱ्या गेजवर सिलिंडर किती धरून ठेवतो ते वाचायचं. (प्रोपेलर धरायला दुसरा माणूस हवाच. पिस्टन टोकावरून किंचित सरकला तर ८० पीएसआय पातं फिरवतात आणि हात मोडतो.) जुना सर्वमान्य नियम: ६०/८० च्या खाली गेला की सिलिंडर काढा. कॉन्टिनेंटल या दुसऱ्या इंजिन निर्मात्याने पुढे सर्व्हिस बुलेटिन (एसबी) ०३-३ मध्ये मास्टर ऑरिफिस नावाचं साधन वापरायला सांगितलं. त्या दिवशी, त्या गेजवर, त्या हवामानात किमान वाचन किती चालेल ते त्या साधनानेच ठरतं, आणि ते ६० च्या बरंच खाली येऊ शकतं. सोबत बोरस्कोपने (सिलिंडरच्या आत घालून बघायच्या बारीक नळीने) व्हॉल्व्ह बघायचा. म्हणजे जुन्या आकड्यावर चालणारा मेकॅनिक धडधाकट सिलिंडर काढतो, आणि सिलिंडर काढणं-बसवणं हीच स्वतः धोक्याची गोष्ट आहे: थ्रू-बोल्टचा टॉर्क चुकला तर बेअरिंगचं कवच सरकतं. उलट बाजूने, वाचन ७० आलं म्हणून बोरस्कोप न घातलेला जळका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तसाच उडत राहतो. जुन्या नियमाने दोन्हीकडून नुकसान.

तेल-ग्रीसच्या बाबतीत नावं बदलली आहेत आणि इथे जुनं पान वाचायला एक किल्ली लागते. मिल-एच-५६०६ (‘मिल’ म्हणजे अमेरिकन लष्करी मानक) आता मिल-पीआरएफ-५६०६ झालं. लाल खनिज हायड्रॉलिक तेल, तेच. पिस्टन इंजिनाचं ॲशलेस डिस्पर्संट तेल मिल-एल-२२८५१ होतं, ते एसएई जे-१८९९ झालं. साधं खनिज तेल मिल-एल-६०८२ होतं, ते जे-१९६६. इथवर सरळ आहे. पण ग्रीस मिल-जी-२३८२७ चं मिल-पीआरएफ-२३८२७ झालं तेव्हा त्यात दोन प्रकार आले: टाइप १ धातूच्या साबणावर बांधलेलं आणि टाइप २ चिकणमातीवर. दोन्ही त्याच क्रमांकाच्या डब्यात येतात आणि एकमेकांत मिसळायचे नाहीत. मिसळले तर ग्रीस पातळ होऊन गळतं किंवा घट्ट होतं. जुन्या पानावर प्रकारच लिहिलेला नाही, कारण तेव्हा प्रकारच नव्हते. ‘पानावर लिहिल्याप्रमाणे’ वागूनही चूक होते ती अशी. ७३७ चं हायड्रॉलिक तेल तर जांभळं, फॉस्फेट एस्टरचं. त्याला ईपीआर रबराचे सील लागतात, लाल तेलाला नायट्राइलचे. अदलाबदल झाली की सील फुगतात. रंग पाहून ओतणं ही सवय चांगली, पण सीलचा क्रमांक मात्र चालू पानावरूनच.

सफाईच्या जुन्या पानांवर ट्रायक्लोरोइथेन जिथे तिथे भेटेल. मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांत ते १९९६ पासून बंद झालं. त्याच्या जागी हाताला येईल तो सॉल्व्हंट घेऊ नका. एमईकेचा बोळा ॲक्रिलिकच्या खिडकीवर फिरला तर बारीक भेगांचं जाळं उठतं आणि खिडकी गेली. इंधनाचंही तसंच. १९७० च्या दशकातल्या १७२ एमच्या पुस्तकात ८०/८७ पेट्रोल लिहिलेलं असतं, आज मिळतं १०० एलएल. त्यातल्या एलएलचा अर्थ ‘कमी शिसं’, पण ती तुलना जुन्या १००/१३० शी. ८०/८७ मध्ये लिटरला जास्तीत जास्त ०.१४ ग्रॅम शिसं असायचं, १०० एलएलमध्ये ०.५६, म्हणजे चौपट. मग प्लगच्या खालच्या टोकाशी शिशाचे करडे मणी जमतात आणि मॅग्नेटो चेकला आरपीएम जास्त पडतो. जुनं पुस्तक त्या स्नॅगचं कारण कधीच सांगणार नाही.

भागांच्या कॅटलॉगचा, म्हणजे आयपीसीचा, जुन्या प्रतीतही खरा उपयोग आहे. एखाद्या भागावरचा क्रमांक नव्या कॅटलॉगमध्ये सापडत नाही तेव्हा जुन्यात सापडतो, आणि मग साखळी लागते: हा क्रमांक कशाने बदलला, तो कशाने. एएन मालिकेचे हार्डवेअर क्रमांक पुढे एमएस आणि एनएएस झाले. एएन९६० वॉशर शोधणाऱ्याला एनएएस११४९ मिळतो. पण साखळी एकाच दिशेची असू शकते. नवा भाग जुन्याच्या जागी चालतो, जुना नव्याच्या जागी चालत नाही, ही नोंद फक्त चालू कॅटलॉगमध्ये असते. आणि विमानावर आधीपासून बसलेला भाग हा पुरावा नव्हे. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० या उड्डाणात बीएसी १-११ विमानाची काच हवेत उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, तो वाचला. उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी काच बसवणाऱ्याने कॅटलॉग पाहिला नव्हता, जुन्या बोल्टशी नवे बोल्ट जुळवून घेतले होते. हवे होते ए२११-८डी. काढलेले जुने होते ७डी, म्हणजे मुळातच आखूड. त्यांच्याशी जुळवताना ९० पैकी ८४ बोल्ट ८सी लागले, व्यासाला ०.०२६ इंच कमी. स्टोअरच्या माणसाने ८डी लागतात असं सांगितलंही होतं.

७३७-२०० च्या खंडांत स्ट्रक्चरचं काही असेल तर ते जपा, पण इतिहास म्हणून. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या उड्डाण २४३ चं छप्पर २४,००० फुटांवर उडालं. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. ७३७ च्या पहिल्या २९१ विमानांत धडाच्या पत्र्यांचे एकावर एक जोड कोल्ड-बाँड पद्धतीने चिकटवलेले होते. चिकटवण निसटली की भार रिव्हेटवर येतो आणि काउंटरसिंक भोकाच्या धारेवरून भेगा सुरू होतात. २९२ पासून पद्धत बदलली. इथेही पुन्हा ‘लागू’चाच प्रश्न: विमानाचा लाइन नंबर (कारखान्यातला बांधणीचा क्रमांक) किती? त्या काळच्या दुरुस्ती पुस्तकात ठिगळ किती मोठं, रिव्हेटच्या किती ओळी, हे मुख्यतः स्थिर ताकद पाहून ठरवलेलं होतं. ठिगळाखालची भेग किती वर्षांनी दिसेल हा विचार नियमांत नंतर आला. जुन्या ठिगळांचं त्यामुळे पुनर्मूल्यांकन करावं लागलं, आणि ते करताना पहिला प्रश्न हाच असतो की हे ठिगळ कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या सुधारणेवरून मारलं. ती जुनी सुधारणा ज्याच्या कपाटात असेल तो माणूस त्या दिवशी सोन्याचा. म्हणून जॉब कार्डवर नुसतं ‘एसआरएमप्रमाणे’ (म्हणजे स्ट्रक्चर दुरुस्तीच्या पुस्तकाप्रमाणे) लिहू नका. प्रकरण, पान, सुधारणा क्रमांक आणि तारीख लिहा.

२८ व्या, इंधनाच्या प्रकरणावर मात्र वेगळा शिक्का मारा. १७ जुलै १९९६ ला टीडब्ल्यूए ८०० या उड्डाणाच्या बोईंग ७४७ ची मधली टाकी फुटली. त्यानंतर २००१ मध्ये एफएएचा एसएफएआर ८८ हा इंधनटाकी सुरक्षेचा नियम आला आणि टाकीतल्या वायरिंगचं अंतर, बाँडिंगचा रोध, स्लीव्हचा प्रकार यांना सीडीसीसीएल (रचनेतल्या न बदलायच्या कळीच्या बाबी) म्हणून कुलूप लागलं. त्याआधीच्या पानांवर हीच कामं साध्या रीतीने लिहिलेली आहेत. वायर जोडली जाते, गेज चालतो, चाचणी पास होते, आणि ठिणगीविरुद्धचा अडसर गेलेला असतो. कुठलाही दिवा लागत नाही.

हातातली प्रत चालू आहे का, हे तपासायचा क्रम असा. मुखपृष्ठावरून मॅन्युअलचा क्रमांक आणि मूळ तारीख घ्या. मग सुधारणांच्या नोंदीचं पान बघा. शेवटची सही कोणत्या क्रमांकापुढे आहे? सही असली म्हणजे पानं बदललीच असं नाही. म्हणून लागू पानांची यादी, म्हणजे एलईपी, उघडा आणि कुठलीही दहा पानं काढून त्यांच्या तळाची तारीख यादीशी ताडा. एक जरी चुकलं तर सगळं पुस्तक संशयित. मग तात्पुरत्या सुधारणा: त्या बहुधा पिवळ्या कागदावर छापून त्या-त्या पानासमोर लावतात. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पिवळा रंग जातो आणि तात्पुरतं पान मूळ पानासारखं दिसतं, किंवा झेरॉक्सवाला ते ‘जास्तीचं’ म्हणून गाळतो. दुमडलेल्या मोठ्या वायरिंग चित्रांची उजवी बाजू कापलेली असते. दशांश चिन्ह पुसलं जातं: .०१५ चं ०१५ झालेलं ओळखू येतं, ५.५ चं ५५ झालेलं येत नाही. शेवटी निर्मात्याच्या प्रकाशनांच्या सूचीशी क्रमांक ताडायचा. अनुक्रमांकाला लागू डायरेक्टिव्ह एफएएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि टाइप सर्टिफिकेट डेटा शीटही. सेस्ना १७२ चं ३ए१२. त्यात मॉडेलनिहाय फ्लॅप, एलेरॉन, रडरचे अंश दिलेले आहेत. अभ्यासाला हा चांगला व्यायाम आहे: तुमच्या पुस्तकातले कोन त्या शीटशी ताडून बघा. ते जुळले तरी त्यावर सही करता येत नाही. सही चालू मॅन्युअलवरच.

मग १९५८ च्या पुस्तकाचं काय? एचएएल पुष्पकसारख्या विमानाचं घ्या, जे १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आपल्या फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षं होतं. अशा विमानाच्या सांगाड्यासाठी निर्मात्याने शेवटची काढलेली सुधारणा हीच चालू, मग ती कितीही जुनी असो. पण त्याचं इंजिन कॉन्टिनेंटल सी-९०, आणि तो निर्माता आजही माहितीपत्रकं काढतो. म्हणजे एकाच विमानात सांगाड्याचं पुस्तक जुनं आणि वैध, इंजिनचं जुनं पुस्तक जुनं आणि बाद. जिथे निर्माता गप्प आहे तिथे एफएएच्या एसी ४३.१३-१बी सारखं सर्वसाधारण रीतींचं पुस्तक आधार देतं. ती १९९८ ची आवृत्ती आहे. १९७२ ची ‘१ए’ अजून बाजारात फिरते, ती घेऊ नका.

न उडणाऱ्या विमानांसाठी जुन्या मॅन्युअलला पर्यायच नाही. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. असं विमान हलवायचं, जॅकवर घ्यायचं, समुद्राच्या खाऱ्या हवेत टिकवायचं तर जॅक पॉइंट आणि पाणी निथळायची भोकं त्या काळच्या पुस्तकातच सापडतात. पण ते पुस्तक धोके सांगत नाही. डायलवरचा जुना चमकता रंग रेडियमचा असू शकतो. तो आता चमकत नाही याचं कारण रंगातला फॉस्फर मेला. रेडियम शाबूत आहे, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. तो डायल खरवडू नका, उघडू नका. इंजिनाजवळच्या पांढऱ्या गुंडाळ्या ॲस्बेस्टॉसच्या असतात. लढाऊ विमान असेल तर इजेक्शन सीटची काडतुसं काढल्याचा लेखी कागद पाहिल्याशिवाय कॉकपिटमध्ये बसायचं नाही. लष्करी मॅन्युअलवर गोपनीयतेचा शिक्का असेल तर स्कॅन, फोटो काही नको. ते ज्यांचं त्यांना परत.

तुमच्या तीन सापडींपैकी सेस्नाचं पुस्तक रोज वाचा. फ्लॅप आणि इंधनाची प्रकरणं घरी वाचून मग विमानाजवळ जाऊन बघा. लायकमिंगचं वर्णनासाठी वाचा, मापांचे तक्ते स्टेपल करून बंद करा. ७३७ च्या खंडांतली १ ते ९९ पानं वेगळी बांधा. प्रत्येकाच्या कव्हरवर आणि प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर लाल शाईत ‘फक्त प्रशिक्षणासाठी’ लिहा, कारण कव्हर सर्वांत आधी फाटतं. हँगरमध्ये नेऊ नका. तुम्ही चूक कराल म्हणून नाही. तुम्ही चहाला गेल्यावर बाकावर उघडं पडलेलं पुस्तक दुसरा कोणीतरी चालू समजून वाचतो. स्कॅन करणार असाल तर रंगीत, ३०० डीपीआय, चित्रांना ६००, घड्या पूर्ण उलगडून, आणि एलईपी सर्वांत आधी. पावसाळ्यात चकचकीत पानं एकमेकांना चिकटतात. ती ओढू नका, कोरड्या खोलीत पंख्याखाली उभी ठेवून दोन दिवस द्या, मग पातळ पट्टी घालून सोडवा.